कोल्हापूर पासिंगची 2012 ची डिझेल स्विफ्ट बेळगावात घ्यायची आहे. काय तपासावं?

इंजिन नंतर बघा, आधी गाडी पुरात बुडाली होती का ते बघा आणि एनओसीचं (आरटीओच्या ना-हरकत दाखल्याचं) बोलून घ्या. 2019 आणि 2021 ला पंचगंगा-कृष्णेच्या पाण्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी गाड्या गेल्या. धुऊन-पुसून उभी केली की वरून काही कळत नाही. माझं निपाणीत गॅरेज आहे, अशा गाड्या येतच असतात. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा. गाळाचं पाणी शिरलं असेल तर आतल्या टोकाला डागाची रेघ दिसते. एवढ्या जुन्या गाडीला पट्टे कोरे करकरीत असतील तर उलट जास्तच संशय घ्या. मग सीटखालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, चटईखालचा पत्रा. स्टार्ट थंड इंजिनवरच करायची. मालकाने गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

कागदांत हे बघा:
- आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चेसिस नंबर जुळतो का
- कोल्हापूर आरटीओची एनओसी (फॉर्म 28), शिवाय मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या

केए-22 (बेळगावचा नंबर) करताना कर्नाटकचा लाइफ टॅक्स भरावा लागतो, तो धरूनच भाव करा. शिवाय 2027 ला 15 वर्षं भरतात. पुढे फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करावी लागते. केए-22 किंवा चिक्कोडीची केए-23 मिळाली तर टॅक्सची कटकट वाचेल, पण कृष्णाकाठ तिकडेही बुडाला होता, पट्टा तिथेही ओढून बघा.