वाचक विचारतात : शोकसभा, परिचयपत्रक आणि ट्रंकेतले कागद

प्रश्न : नागरी हक्कांसाठी चाळीस वर्षं लढलेले आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते गेले. शोकसभेसाठी सभागृह दीड तास मिळालं आहे आणि बोलण्यासाठी २२ जणांनी नावं दिली आहेत. कुणाला नाही म्हणायचं?

उत्तर : २२ जणांना ४-४ मिनिटं दिली तरी ८८ मिनिटं तिथंच संपली. शिवाय ४ मिनिटं मागून घेतलेला वक्ता ७ मिनिटांच्या आत क्वचितच खाली बसतो. वक्ते ७ ठेवा, प्रत्येकी ५ मिनिटं. निवड पदावरून नको, कामाच्या टप्प्यांवरून करा: सुरुवातीच्या दिवसांतला सोबती, कोर्टकचेरीत बरोबर असलेला, घरातलं एक माणूस, नव्या पिढीतलं एक, आणि जमलं तर ज्याच्याशी त्यांचं जाहीर भांडण झालं होतं असाही एक. प्रत्येकाला आधीच सांगा, की तुम्ही स्वतः पाहिलेला एकच प्रसंग सांगा. नाहीतर सातही जण 'भरून न येणारी पोकळी' घेऊन येतात आणि गेलेला माणूस सभेत कुठंच दिसत नाही. उरलेल्या १५ जणांकडून एकेक पान लिहून घ्या. ते स्मरणिकेत जाईल, आणि सभेतल्या भाषणापेक्षा जास्त टिकेल.

त्यांचा स्वतःचा आवाज उपलब्ध असेल तर तो जरूर ऐकवा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली. ९ एप्रिलला अटलांटातल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा त्यांनी त्याच चर्चमध्ये ४ फेब्रुवारीला दिलेल्या प्रवचनाची टेप लावली गेली. आपला अंत्यविधी लांबवू नका, नोबेलचा उल्लेख करू नका, भुकेल्यांसाठी आणि उघड्यानागड्यांसाठी धडपडलो एवढं सांगा, असं त्या टेपमध्ये तेच सांगत होते. त्यानंतर त्यांची शवपेटी खेचरांच्या साध्या शेतगाडीतून नेली, कारण त्यांची शेवटची मोहीम गरिबांची होती. प्रतीक निवडायचं तर असं, त्या माणसाच्या कामातूनच आलेलं.

ध्वनिफितीचा तुकडा ३ मिनिटांपेक्षा मोठा नको. हेडफोनवर स्वच्छ वाटणारी जुनी कॅसेट सभागृहात नुसती घुमते, म्हणून आदल्या दिवशी तिथल्याच स्पीकरवर ऐकून पाहा आणि शब्द कागदावर छापून वाटा.

प्रश्न : मौन कधी पाळावं?

उत्तर : अगदी सुरुवातीला नको, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची दारं वाजत असतात. आवाज ऐकवून झाल्यावर लगेच पाळा. एकाच्या हातात घड्याळ द्या. नाहीतर दोन मिनिटांचं मौन पाऊण मिनिटातच उरकतं.

प्रश्न : परिचयपत्रक लिहिताना कोणती काळजी घ्यायची? घरचे आणि संघटनेचे लोक वेगवेगळ्या तारखा सांगतात.

उत्तर : कुणाची आठवण प्रमाण मानू नका. जन्मतारीख, शिक्षण, अटका, खटल्यांचे निकाल यांना कागद शोधा. कागद नसेल तर नेमका दिवस टाळून वर्ष लिहा, आणि वर्षाबद्दलही शंका असेल तर ते वाक्यच गाळा. एकदा छापलेली चूक पुढच्या प्रत्येक लेखात उतरत राहते.

अमेरिकेत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या रोझा पार्क्स यांचं उदाहरण घ्या. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीच्या बसमध्ये त्या गोऱ्यांच्या राखीव जागेवर बसल्या होत्या, असं आजही सर्रास लिहिलं जातं. त्या बसल्या होत्या कृष्णवर्णीयांच्या भागातल्या पहिल्या रांगेत. पुढच्या जागा भरल्यावर चालकानं ती रांग रिकामी करायला सांगितली आणि त्या उठल्या नाहीत. तिथं अशी अटक झालेल्या त्या पहिल्याही नव्हत्या. त्याच वर्षी २ मार्चला १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनला अटक झाली होती. ज्या खटल्यामुळे बसमधला वर्णभेद कायद्यानं संपला, त्या ब्राउडर विरुद्ध गेल खटल्यात फिर्यादींमध्ये कोल्विन होती, पार्क्स नव्हत्या. आणि पार्क्स यांच्या अटकेनंतर शहरातल्या बसवर टाकलेल्या बहिष्काराची हजारो पत्रकं रातोरात छापून घेणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांचं नाव किती परिचयांत येतं?

हे सगळं लिहिलं म्हणून पार्क्स लहान होत नाहीत. उलट ३८१ दिवसांचा बहिष्कार कसा चालला, ते त्यानंच कळतं. तुमच्या पत्रकातही टंकलेखन कुणी केलं, जामीन कुणी भरला, बैठकीला घर कुणी दिलं, ही नावं घाला. 'यांनी एकहाती' हा शब्दप्रयोग दिसला की तिथं कुणाचं तरी नाव गळलं आहे असं समजा.

प्रश्न : घरात सहा ट्रंका कागद, फोटो आणि कॅसेटी आहेत. घरच्यांना महिन्याभरात खोली रिकामी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आवराआवर करू नका, हीच सुरुवात. ट्रंक उघडली की कशालाही हात लावण्याआधी वरून तिचा फोटो घ्या, मग ट्रंकेला क्रमांक द्या. कागद तारखेवार लावायचा मोह होईल, तो आवरा. कोणतं पत्र कोणत्या फाइलमध्ये, कशाशेजारी ठेवलं होतं, हीसुद्धा माहितीच असते आणि क्रम मोडला की ती परत मिळत नाही.

गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा हलक्या हातानं काढा, ओढू नका. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते उलटवता येत नाही. वर्तमानपत्रांची कात्रणं वेगळ्या पाकिटात घाला. त्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदावर तपकिरी डाग पाडतं.

फोटोंचं काम सगळ्यात घाईचं. कागद दहा वर्षं थांबतील, पण फोटोतली माणसं ओळखणारे वृद्ध थांबणार नाहीत. फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. स्कॅन करताना लहान फोटोंना ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), साध्या कागदांना ३०० पुरेसं, आणि मूळ प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात ठेवा. जेपीजी फक्त वाटण्यासाठी.

कॅसेट लावण्याआधी तिच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिक पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालूच नका, ती जाणकाराकडे द्या. ध्वनी वेव्ह (WAV) फाइलच्या स्वरूपात, २४ बिटवर उतरवा. सगळ्याच्या ३ प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

प्रश्न : एक विद्यापीठ हे कागद घ्यायला तयार आहे. देऊन टाकावेत का?

उत्तर : द्या, पण तोंडी नको. किंग यांनी १९६४ मध्ये आपले कागद बोस्टन विद्यापीठाकडे ठेवायला दिले. १६ जुलै १९६४ च्या पत्रात, आपल्या मृत्यूनंतर ते विद्यापीठाच्या मालकीचे होतील, असं वाक्य होतं. पुढे त्यांच्या पत्नी कोरेटा किंग यांनी ते परत मिळावेत म्हणून दावा लावला. १९९५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या.

म्हणून दानपत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. कागद कायमचे दिले की ठेवायला दिले. लेखनाचा स्वामित्वहक्क कुणाकडे राहणार, कारण कागद दिला म्हणजे हा हक्क दिला असं होत नाही. इतरांची खासगी पत्रं किती वर्षं बंद राहणार. आणि विद्यापीठाला नको असलेले कागद ते परत करणार की नष्ट करणार. सहीआधी ट्रंकांच्या क्रमांकांनुसार यादी जोडा आणि तिच्या प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.