नदीत सांडपाणी येणं थांबलं, तर नदी आपोआप स्वच्छ होते का?

बऱ्याच अंशी हो. पण ते खरोखर थांबायला हवं, आणि गाडी तिथेच अडते.

मैलापाणी नदीत आलं की त्यातली घाण खाणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. तो लिटरला ४-५ मिलीग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना जगणं अवघड होतं. पार संपला की पाणी काळं पडतं, सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. वाहत्या पाण्यात हवेतून प्राणवायू पुन्हा मिसळत असतो, म्हणून भार कमी झाला की नदी स्वतःला सावरते. लंडनची टेम्स १९५७ मध्ये जवळपास मृत ठरवली गेली होती. शुद्धीकरण केंद्रं सुधारल्यावर १९७४ मध्ये तिथे पुन्हा सॅल्मन हा स्वच्छ पाण्यातला मासा सापडला.

मात्र तळातला जुना गाळ पुढची कित्येक वर्षं शेवाळ आणि जलपर्णी पोसणारा फॉस्फरस सोडत राहतो. जड धातू असतील तर गाळ उपसतानाही जपावं लागतं, नाहीतर तेच विष वर येतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की नुसता शुद्धीकरण प्रकल्प उभारून काम झालं असं धरतात. घराघरातून तिथवर नळ्याच जोडलेल्या नसतील तर प्रकल्प अर्धा रिकामा चालतो आणि मैला नाल्यातून थेट नदीत जातो. जलपर्णी काढणं, काठ सुशोभित करणं हे नंतरचं. आधी प्रत्येक नाल्याचं तोंड शोधा, पावसाळ्याव्यतिरिक्तही त्यातून पाणी वाहत असेल तर ते बहुधा सांडपाणीच असतं.