पाचशे स्पॅनिशांनी साम्राज्य बुडवलं? जरा थांब

मेक्सिकोतल्या अॅझ्टेक साम्राज्यावर लिहायला घेतलंयस, छान. पण "बंदुका आणि घोडे" इथून सुरुवात करू नकोस, मीही पूर्वी तिथेच फसलो होतो. 1519 मध्ये स्पॅनिश सरदार कोर्तेस तिथे उतरला तेव्हा त्याच्याकडे जेमतेम पाचशे सैनिक होते. तेवढ्यांनी अॅझ्टेकांचं राजधानीचं शहर तेनोच्तित्लान पडतं होय? जून 1520 मध्ये तर तिथून रातोरात पळताना त्यांचे शेकड्यांनी लोक मेले.

आधी त्लाश्काला वाच. अॅझ्टेकांशी पिढ्यान्‌पिढ्या वैर असलेलं हे राज्य. पळून आलेल्या स्पॅनिशांना आसरा त्यांनीच दिला, आणि पुढच्या वेढ्यात लढणारे बहुसंख्य लोक असे स्थानिकच होते. खंडणीला विटलेली शहरं एकेक करून फुटत गेली. मालिंत्सिन ही दुभाषी नसती तर या वाटाघाटी कशा झाल्या असत्या, याचाही विचार कर.

मग देवीचा रोग. 1520 मध्ये साथ आली आणि नवा राजा क्वित्लावाक गादीवर तीन महिनेही टिकला नाही.

वेढ्याला मात्र भरपूर जागा दे. शहर तळ्यात वसलेलं. त्लाश्कालात जहाजांचे सुटे भाग बनवून हमालांच्या खांद्यावरून डोंगरापलीकडे नेले, तळ्याकाठच्या तेश्कोकोला जोडले. चापुल्तेपेक टेकडीवरून येणारं गोडं पाणी तोडलं. भुकेने, तहानेने गांजलेलं शहर 13 ऑगस्ट 1521 ला पडलं.

आणि "कोर्तेसला देव समजले" हे वाक्य खोडच. ती कथा बहुतांशी नंतर रचलेली आहे.