लोकरीची ऊब: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: मी रोज पहाटे तासभर भरभर चालतो. अंगात सुती बनियन, वर सुती शर्ट आणि त्यावर जाड लोकरी स्वेटर. चालताना उकडतं, पण घरी येऊन दहा मिनिटं बसलो की हुडहुडी भरते. अजून जाड स्वेटर घेऊ का?

उत्तर: जाड स्वेटर घेऊन काही होणार नाही. तुम्हाला गारठवतोय तो आतला ओला बनियन. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. चालणं थांबलं की अंगात तयार होणारी उष्णता कमी होते, बनियन मात्र वाळण्यासाठी लागणारी उष्णता तुमच्याच अंगातून ओढत राहतो. वरचा स्वेटर कितीही चांगला असला तरी तो इथे हतबल आहे.

तेव्हा आतला थर बदला. मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचा पातळ बनियन थेट अंगाला लागून घाला. लोकरीचा तंतू आपल्या केसांसारखाच केराटिन या प्रथिनाचा असतो. त्याचा पृष्ठभाग पाण्याचे थेंब झटकतो, पण वाफ आत घेतो. स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के बाष्प शोषलं तरी लोकर हाताला कोरडी लागते. पॉलिएस्टरला एक टक्काही जमत नाही. शिवाय बाष्प शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर टाकते. कोरड्या घरातून दमट गारठ्यात पाऊल टाकलं की लोकरीत थंडी एकदम झोंबत नाही, त्याचं हेही एक कारण.

‘ओली लोकरसुद्धा ऊब देते’ असं सर्रास सांगतात, ते पूर्ण खरं नाही. ओल्या सुती कपड्यापेक्षा ती कितीतरी बरी, कारण भिजल्यावरही ती अंगाला चिकटून बसत नाही आणि आत थोडी हवा राहते. पण चिंब भिजलेला स्वेटर अंगावर ठेवू नका. घरी आल्या आल्या कपडे बदला.

प्रश्न: एक जाड स्वेटर चांगला की दोन पातळ?

उत्तर: दोन पातळ, आणि वरचा आतल्यापेक्षा सैल. जुन्या स्वेटरमधून निघालेला एखादा धागा उजेडात धरा, हलके ताणा आणि सोडा. तो नागमोडी वळणं घेत पुन्हा आखडतो. या वळणांच्या पोकळीत हवा अडकते आणि अडकलेली हवा अंगातली उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. खरी ऊब या हवेची. दोन थरांमध्ये ती आणखी थोडी साठते, आणि उकडलं तर एक थर उतरवता येतो. १९२४ साली एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरी यांचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्यांच्या अंगावरही लोकर, रेशीम आणि सुती कापडाचे एकावर एक थर होते.

स्वेटर घट्ट बसला तर ही हवा दाबून बाहेर जाते. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबणारे लोक हीच चूक करतात आणि पाय आणखी गार पडतात. वारा मात्र विणीतून आरपार जातो. वारं सुटलं असेल तर स्वेटरवर पातळ, वारा अडवणारं जाकीट हवंच.

प्रश्न: सासूबाईंना लोकर घातली की खाज सुटते. ही अ‍ॅलर्जी असेल का?

उत्तर: लोकरीची खरी अ‍ॅलर्जी क्वचित आढळते. बहुतेक वेळा टोचतात ती जाड तंतूंची टोकं. साधारण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला टेकला की वाकत नाही, बोचतो. बारीक मेरिनोचा तंतू २० मायक्रॉनहूनही कमी जाडीचा असतो, तो वाकतो. कपडा घेताना हातात धरून पारखू नका, तळव्याला काही कळत नाही. मानेला किंवा कोपराच्या आतल्या बाजूला मिनिटभर लावून बघा. घरात बसायचं असेल, घाम येणार नसेल, तर आत पातळ सुती कपडा चालेल. अंगावर पुरळ उठत असेल किंवा इसबाचा त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: आईने विणलेला स्वेटर चुकून गरम पाण्यात मशीनला लागला. आटून लहान मुलाच्या मापाचा झालाय. पूर्ववत होईल का?

उत्तर: वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवत नाही. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापडाचा नमदा, म्हणजे घट्ट एकजीव झालेला थर, होतो. टाके अजून वेगवेगळे दिसत असतील तर स्वेटर कोमट पाण्यात थोडं हेअर कंडिशनर घालून अर्धा तास भिजवा आणि हळूहळू सगळीकडून ताणा. थोडंफार माप परत मिळू शकतं. टाके दिसेनासे झाले असतील तर नाही. पण नमद्याचे टाके उसवत नाहीत, म्हणून त्याची कानटोपी किंवा हातमोजे बेतता येतील. आईच्या हातची वस्तू वापरात राहील. टाकून देऊ नका.

पुढच्या वेळी पाणी ३० अंशांच्या आत, साबण सौम्य आणि एन्झाइम नसलेला. प्रथिनांचे डाग काढणारी एन्झाइम लोकरीलाही इजा करतात, आणि ब्लीच तर ती विरघळवतं. पिळू नका; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग आडवा पसरून सावलीत वाळवा. मुळात लोकर वरचेवर धुवावी लागत नाही. रात्रभर हवेशीर जागी टाकली की वास उडतो.

प्रश्न: दुकानात सगळ्यालाच ‘वूलन’ म्हणतात. अस्सल कसं ओळखावं?

उत्तर: आतली पट्टी वाचा, ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलं असेल तर लोकर नाही. शंका असेल तर शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती बहुधा विझते आणि मागची राख बोटांनी चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं आणि कडक मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात.

प्रश्न: कपाटातल्या स्वेटरला कसर लागली. काय करू?

उत्तर: उडणारा पतंग काही खात नाही, भोकं पाडतात त्याच्या अळ्या, आणि घाम किंवा अन्नाचे डाग असलेली लोकर त्यांना जास्त आवडते. म्हणून धुतल्याशिवाय कपडे ठेवायचे नाहीत. आता सगळे बाहेर काढून झटका, कपाटाचे कोपरे व्हॅक्यूमने साफ करा. लागलेला स्वेटर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. स्वेटर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड लोकरीवर दव धरेल.