दोन डोंगर, मधे सूर्य, रोज तेच

साडेपाच वर्षांच्या मुलीची आई माझ्याकडे तिची चित्रांची वही घेऊनच आली होती. चौदा पानं, प्रत्येक पानावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली घर. "दुसरं काही काढ म्हटलं की कागद माझ्याकडे सरकवते, 'तूच काढून दे' म्हणते. क्लास लावू का?"

चार ते सात या वयात मुलं स्वतःची चिन्हं घडवत असतात. डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस हे त्यातलंच एक. तसं चिन्ह पुन्हा पुन्हा आलं तर काळजी नको. पण हा डोंगर मुलीचा नव्हता. आईनंच कधीतरी काढून दाखवलेला होता आणि त्यावर हमखास 'छान' मिळायचं. बरोबर चित्र मोठ्यांकडेच असतं, हे ती त्यातून शिकली. अशा मुलीला कोरा कागद देऊन 'मनातलं काढ' म्हटलं तर ती आणखी बुजते.

म्हणून आईला सांगितलं, दोन आठवडे 'चित्र काढ' म्हणूच नका. रोज वीस मिनिटं घराभोवती फिरा आणि वस्तूवर कागद ठेवून, वरून खडू घासून ठसे घ्या. झाडाची साल, विटांची भिंत, जाळी, पानं. कागद वहीचा, पातळ. ड्रॉइंगच्या जाड कागदावर शिरा उमटत नाहीत. मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा घासायचा, टोकानं घासला की कागद फाटतो. पान ताजं आणि उपडं ठेवायचं, कारण शिरा मागच्या बाजूला उठावदार असतात. वाळलेलं पान दाबाखाली चुरतं. कागद मोठ्यांनी घट्ट धरायचा. सरकला की ठसा दुहेरी येतो आणि मूल वैतागतं.

चौथ्या दिवशी मुलगी खडू हातात घेईना. चौकशी केल्यावर कळलं, आई प्रत्येक ठशाखाली पानाचं नाव लिहून घेत होती. झाला अभ्यास! ते थांबवलं. त्याऐवजी दिसतं ते बोलायचं: "इथे रेघा किती जवळ आल्यात." आणि एकच प्रश्न: "हाताला कसं लागतं?"

दुसऱ्या आठवड्यात मातीचा रंग. वाळलेली माती बारीक कापडातून चाळून दोन चमचे, त्यात एक चमचा पांढरा डिंक (फेविकॉलसारखा), पाणी थेंबाथेंबानं, पातळ दह्याइतकं होईपर्यंत. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग भुकटी होऊन झडतो, थर जाड झाला तर तडे जातात. दोन ठिकाणची माती घेतली की छटा वेगळ्या निघतात, आणि मग तिसरी शोधायला मुलं स्वतःच निघतात.

तिसऱ्या आठवड्यात तिनं सालीच्या ठशावर मातीच्या रंगानं तळहाताएवढी मुंगी काढली. "एवढी मोठी असते का, असं तोंडावर आलं होतं," आई म्हणाली. नाही विचारलं ते बरं. या वयात आकार महत्त्वावरून ठरतो, आणि ही मुंगी तिला चावलेली होती.

डोंगर मधूनमधून येतोच, येऊ दे. क्लासचं म्हणाल तर लावण्याआधी तिथल्या भिंती बघून या. वीस मुलांची वीस चित्रं सारखीच टांगलेली असतील, तर तिथे घालू नका.