पाठीच्या ऑपरेशननंतर: गोळी आणि चालणं यांची सांगड घाला

ताई, तुमच्या आईंचं एल४-एल५ (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) मधली सरकलेली गादी काढायचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण दुखतं म्हणून त्या उठत नाहीत, आणि दांडिया बाजारातल्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण 'पडून राहा' म्हणतो. माझं हेच ऑपरेशन झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पाहुण्यांचं ऐकू नका. या दिवसांत चालणं हाच मुख्य व्यायाम. पडून राहिलं की स्नायू आखडतात आणि पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. दुखणं असह्य होईपर्यंत गोळी लांबवू नका. लिहून दिलेल्या वेळेला द्या आणि पाऊण-एक तासाने, गोळीचा अंमल असताना, त्यांना उठवा. मनाने दुसरी वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. ट्रामाडॉल ही जोरदार वेदनाशामक गोळी चालू असेल तर बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथलं की कंबरेवर ताण येतो. पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांकडून आजच मागून घ्या.

उठताना आधी गुडघे दुमडायचे. मग खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, ओंडका लोळवतात तसं. पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपर नि तळहात रेटून बसतं व्हायचं. हाताला धरून ओढू नका, कंबर पिळली जाते.

सुरुवातीला स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत, ५ मिनिटं, पण दिवसातून अनेकदा. कमाटी बाग नंतर आहेच. बसणं एका वेळी १५-२० मिनिटं, हाताच्या खुर्चीत. आणि घरचा झोपाळा सध्या बंद! आपल्या बडोद्यात हे सांगणं जिवावर येतं, पण हलत्या बैठकीवर कंबरेला आधार मिळत नाही. वाकणं, वजन उचलणं, कंबरेतून वळणं डॉक्टर सांगेपर्यंत नको.

चालल्यावर थोडं ठणकून तासाभरात शमलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर फेरी लहान करा. पायात अधूनमधून चमक येते, दबलेली नस सावकाश सावरते. बधिरपणा जायला तर महिने लागू शकतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, ताप आला, जखमेतून पाणी आलं, एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.