चित्रांमध्ये बाई आणि निसर्ग एकच असल्यासारखे का दाखवतात?

सगळीकडे कारण एकच नसतं, म्हणून आपल्या जवळचं उदाहरण घेतो: वारली लग्नचौक.

डहाणू-जव्हारकडे लग्नाच्या वेळी शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकोन काढतात. नक्षीच्या पट्ट्यांची जाडजूड चौकट, आणि आत पालघट देवी. तिला ना सुंदर चेहरा, ना दागिने. नुसतं कोनाकोनांचं अंग. ती सुफलतेची, झाडापिकांची देवी. शेजारी सूर्य, चंद्र, शिडी, फणी, चौकाबाहेर झाडं. म्हणजे इथे बाई निसर्गासारखी ‘दिसत’ नाही. भात पिकणं आणि नवरीची कूस उजवणं ही एकाच देवीची कामं. रंगही भाताचाच, हे मला फार आवडतं.

आणखी एक, हा चौक पूर्वापार सवासिनी काढत आल्या आणि धवलेरी, म्हणजे बाई पुरोहित, गाणी म्हणत लग्न लावते. रविवर्म्याच्या नायिका किंवा युरोपातल्या वसंतदेवता पुरुषांनी बघून रंगवल्या. तिथे बाई फुलासारखी नाजूक होते. इथे नाजूकपणाचा पत्ताच नाही. पुढे १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली, तेव्हा शेतं, शिकार, तारपा हे वाद्य असे विषय वाढले. कुर्त्यांवर छापतात ती चित्रं बहुतेक हीच. पालघट तिथे क्वचितच सापडेल.